कोंबडा आरवण्याआधी : संकटापूर्वीच्या पश्चात्तापाचे तुमचे अनुभव

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, लागला की मी लूकच्या शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय काढून बसते. त्यात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो की सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. पेत्र म्हणतो, मी तुरुंगात जायला आणि मरायलाही तयार आहे. मग येशूला धरायच्या रात्री बागेत जागं राहायची वेळ येते तेव्हा तो झोपतो आणि पहाटे कोंबडा आरवण्याआधी तीनदा 'मी येशूला ओळखत नाही' म्हणून मोकळा होतो.

तीन वर्षांपूर्वी माझी तीच गत झाली. ह्यांच्या बायपासच्या आदल्या रात्री मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसले होते. डोळे मिटले की देवाऐवजी थोरल्या जाऊबाई समोर यायच्या. सासूबाईंच्या पाटल्यांवरून आमचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं, आणि पाटल्या माझ्या कपाटात होत्या. शेवटी रात्री दीड वाजता त्यांना फोन केला आणि रडत माफी मागितली. त्या पहाटे डबा घेऊन आल्या. हे बरे झाले, पाटल्याही गेल्या जिथे जायच्या होत्या तिथे. पण घर शांत होतं, अंगात बळ होतं, तेव्हा मी हे का केलं नाही, हा सल अजून आहे.

म्हणून विचारते. संकट दारात यायच्या आधी कुणी पश्चात्ताप केलाय का? स्वतःला देवाच्या हाती देऊन ठेवलंय का? आणि मग वेळ आली तेव्हा काय झालं? प्रवचन नको, घडलं ते लिहा.

राहुरीजवळून, शेतकरी

ताई, माझं पाप अडीच गुंठ्यांचं होतं.

वडिलांनी चुलत्याच्या बाजूला बांध सरकवला होता. मी तेव्हा शाळेत होतो, पण मला दिसत होतं. पुढं जमीन माझ्या नावावर आली आणि मी गप्प राहिलो. बावीस वर्षं त्या अडीच गुंठ्यांतला ऊस कारखान्याला घातला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. भाकर घेण्याआधी प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी, असं पाळक वाचायचे, आणि मी खाली मान घालून प्याला घ्यायचो. घरी प्रार्थनेला बसलो की बांध आडवा यायचा. देवाला काही मागायला तोंडच नसायचं.

एका रविवारी मी प्याला घेतला नाही, बाकावर बसून राहिलो. बायकोनं विचारलं तेव्हा तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग बसलाय काय, जा की. मत्तयमध्ये आहेच, वेदीपाशी आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी भावाकडं जा.

चुलतभावानं गळ्यात पडावं, असं मनात होतं. तो म्हणाला, "मोजणी आण. आणि बावीस वर्षं खाल्लेल्या पिकाचं काय?" मला राग आला, खोटं का सांगू. दोन आठवडे गेलोच नाही. मग शुभवर्तमानातला जकातदार जक्कय आठवला. त्यानं चौपट परत देतो म्हटलं होतं. माझी ऐपत तेवढी नव्हती. सरकारी मोजणीची फी भरली, हद्दीचे दगड पुन्हा रोवले, आणि खंडाचा हिशोब करून चार वर्षं ऊसतोडीनंतर त्याला पैसे देत गेलो. भावकीत लोक मला खुळा म्हणाले. आईनं तर वडिलांचं नाव घालवलंस म्हणून बोलणंच टाकलं, हे सगळ्यात जड गेलं.

शेवटचा हप्ता दिला त्याच पावसाळ्यात मोठा मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला. एकवीस वर्षांचा होता. हे लिहिताना हात थांबतो. तुम्ही विचारलंत तेव्हा काय झालं. त्या रात्री मी देवाशी भांडलो. ओरडलो. पण भांडता आलं, ताई. मधे बांध नव्हता. आधीचा मी असतो तर तोंड लपवून दूर गेलो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. चुलतभाऊ मातीला आला होता. आमचं अजून फार बोलणं नाही.

वसईहून, गृहिणी

भाऊ, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुमच्या मुलासाठी आज चर्चमध्ये मिस्सेत प्रार्थना करीन.

माझं लहानसं आहे. आमच्याकडे लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. होसान्ना म्हणत नाचवलेलं तेच पुढच्या वर्षी राख होऊन कपाळावर येतं. मी एकोणीस वर्षं पापनिवेदन केलं नव्हतं. लग्नाआधीची एक गोष्ट होती, ती फादरांना सांगायची लाज. चार वर्षांपूर्वी राख लावून घेतली आणि रांगेत जाऊन उभी राहिले. पाच मिनिटांत झालं.

आठ महिन्यांनी छातीत गाठ निघाली. पापनिवेदनाने गाठ गेली नाही. केमोच्या रात्री भीती वाटायचीच, उलट्या व्हायच्याच. पण 'हे त्या गोष्टीची शिक्षा आहे का' हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. ती गोष्ट माझ्याकडे उरलीच नव्हती.

सोलापूर, निवृत्त पाळक

वसईच्या ताईंनी जे लिहिलं त्याला धरून एक विनंती. आजाऱ्याच्या उशाशी जाऊन 'पश्चात्ताप कर म्हणजे बरा होशील' असं कुणी म्हणू नका. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाबद्दल हेच विचारतात, पाप कोणी केलं, याने की आईबापांनी? येशू दोन्हीला नाही म्हणतो. माझ्या तरुणपणी मी स्वतः एका क्षयाच्या रोग्याला असं बोललो आहे. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांची क्षमा मागायला मी पुन्हा गेलो तोवर ते गेले होते.

दुसरं, आपला शब्द थोडा अडचणीचा आहे. पश्चात्ताप म्हणजे नंतरचा ताप. पण जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत यासाठी जो शब्द येतो त्याचा साधा अर्थ 'माघारी फिर' असा आहे, रस्ता चुकलेल्याला सांगतात तसा. ताप येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही झाला. त्याने त्यासाठी घेतलेले तीस रुपये परत टाकले. पण तो येशूकडे फिरला नाही. पेत्र रडला आणि पुढे समुद्रकाठी येशू आहे हे कळताच नावेतून उडी टाकून त्याच्याकडे गेला.

दौंड तालुका, शिक्षिका

माझी पणजी छपन्नच्या (१८९९-१९०० च्या) दुष्काळात पोरकी होऊन केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती आश्रमात आली, त्यामुळे बाईंच्या गोष्टी आमच्या घरात भाकरीबरोबर वाढल्या जायच्या. जानेवारी १९०५ मध्ये बाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला जमायला बोलावलं. सत्तर मुली पुढे आल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. आणि जूनअखेरीस मुक्तीत जी आत्मिक जागृती झाली त्यात मुली मोठ्याने रडत आपापली पापं सांगू लागल्या. वर्ग थांबले, प्रार्थना तासन्‌तास चालायची. पणजी सांगायची की तिने कोठीतून गूळ चोरल्याचं तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं. एवढ्याशा गुळासाठी इतकं रडू, असं लहानपणी मला वाटायचं. दुष्काळातून आलेल्या पोरीने लपवलेला गूळ काय असतो, ते आता कळतं.

मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. जुलै १९२१ मध्ये बाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. कामाचा वारसा तिच्याकडे जायचा होता. बाई स्वतः थकलेल्या, कानांनी कमी ऐकू येणाऱ्या. तरी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आलं. मुलगी गेल्यावर कागद समोर ओढायचं बळ कुठून आलं असेल? मला वाटतं ते त्या वर्षी गोळा केलेलं नव्हतं, खूप आधीपासून साठत आलं होतं.

ठाणे, परिचारिका

२०२० मध्ये मी कोविड वॉर्डात होते. समर्पण एकदा करून संपत नाही एवढंच सांगते. मी रोज सकाळी पीपीई किट चढवताना करायचे. "हे शरीर तुझं, आज तूच वापर." दुपारी बाराला भीती परत यायची, मग बाथरूममध्ये पुन्हा म्हणायचे. त्या साथीच्या आधी दहा वर्षं मी रोज सकाळी हेच वाक्य पाठ म्हटल्यासारखं म्हणत होते, अर्थ न लागता. तेच तेव्हा तोंडात आलं, नवीन काही सुचलंच नसतं.

पुणे, नाव नको

दारू तीन वेळा सोडली, तीन वेळा धरली. दर वेळी वेदीपुढे जाऊन रडलो. आता चौथ्यांदा जायची लाज वाटते. माझा पश्चात्ताप खरा नव्हता का?

सोलापूर, निवृत्त पाळक

बाळा, पेत्रानेही तीनदाच नाकारलं होतं. चौथ्यांदा जा. फक्त या वेळी एकटा जाऊ नकोस, दारू सुटलेल्या दोघांना बरोबर घे. त्यांच्या बैठका जवळपास कुठेतरी असतील. वैद्याकडेही जा, शरीरालाही मदत लागते.

धागा सुरू करणारी

राहुरीचे भाऊ, तुमचा अनुभव मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. अर्ध्यावर आवाज गेला, पुढचा त्यांनी वाचला.

जालना, तरुण

मी काल रात्रीपासून हे वाचतोय. माझा मोठा भाऊ गावी असतो. त्याच्या लग्नात मी जे बोललो होतो त्याला सहा वर्षं झाली. आज दुपारी फोन लावला. वहिनीने उचलला. मी नाव सांगितलं तर थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ते रानात गेलेत. सातनंतर करा."

आता पावणेसात झालेत.