जेम्स आउट्रम: पलटणीतला की दरबारातला?

प्रश्न (कॉलेज रोड, नाशिक):
गेल्या रविवारी मुल्हेर उतरून पायथ्याशी चहा घेत असताना आमच्या गटातील एका ज्येष्ठांनी सांगितले की, १८२५ साली या किल्ल्यावर चालून आलेला लेफ्टनंट जेम्स आउट्रम पुढे बडोद्याचा आणि लखनौचा रेसिडेंट (दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी) झाला. पलटणीतल्या माणसाकडे दरबारचे काम कसे येत असे? त्यासाठी फौज सोडावी लागे काय?

उत्तर (मालेगाव):
फौज सोडावी लागत नसे. कंपनीच्या अमलात संस्थानांशी व्यवहार पाहणाऱ्या ‘पोलिटिकल’ जागांवर लष्करी अधिकारी सर्रास नेमले जात. पलटणीतले नाव कायम राही आणि बढतीही मिळे. आउट्रम १८१९ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता. मुल्हेरच्या वर्षीच त्याच्याकडे खानदेशात भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभारण्याचे काम आले (मुल्हेरचे बागलाण तेव्हा खानदेशात होते, नाशिक जिल्हा १८६९ चा). धरणगावच्या ठाण्यावरून, ज्यांच्याशी लढला त्याच भिल्लांबरोबर वाघाची शिकार करून, त्यांच्यातलेच शिपाई त्याने भरती केले. माझ्या मते त्याची पुढची सगळी कारकीर्द या दहा वर्षांत घडली. त्यानंतर गुजरातेतला महीकांठा, अफगाण युद्ध आणि सिंध. तिथे सिंध जिंकणाऱ्या जनरल चार्ल्स नेपियरशी त्याचे कायमचे बिनसले.

उत्तर (सटाणा):
वरील माहिती बरोबर आहे. मात्र भिल्ल कोअर म्हणजे भिल्लांकडूनच भिल्लांचा बंदोबस्त, हेही नोंदवायला हवे. मला स्वतःला बडोद्याचे प्रकरण अधिक बोलके वाटते. दरबारी लाचखोरीचे धागे मुंबई सरकारच्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचतात, असा अहवाल त्याने दिला आणि १८५१ मध्ये मुंबई सरकारने त्यालाच बडोद्याहून हलवले. या व्यवहारांना त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांतही आपलाच ‘खटपट’ हा शब्द आहे. साहेबाला त्यासाठी स्वतःच्या भाषेतला शब्द सापडू नये, याची गंमत वाटते. १८५४ मध्ये त्याला पुन्हा बडोद्याला पाठवण्यात आले आणि त्याच वर्षअखेरीस तो लखनौचा रेसिडेंट झाला.

प्रश्नकर्ता:
म्हणजे अवध (राजधानी लखनौ) खालसा झाले तेव्हा तोच तिथे होता?

उत्तर (सटाणा):
होय. फेब्रुवारी १८५६ मध्ये राज्य सोडण्याचा तह घेऊन वाजिद अली शाहसमोर तोच गेला होता. नवाबाने सही केली नाही; डोक्यावरची पगडी उतरवून आउट्रमच्या हाती दिली.