अमूर्त शिल्प : आकार, रूप की घाट?
(शब्दचर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पंचवटीकर
नाशिकमधल्या एका शिल्पप्रदर्शनाच्या फलकाचा मजकूर तयार होतो आहे. कामं काळ्या दगडातली आणि तांब्याच्या पत्र्यातली आहेत. माणूस, प्राणी, देव असं काहीच त्यात ओळखू येत नाही. सध्याचं वाक्य असं आहे : ‘हा अमूर्त शिल्पकार आकाराच्या माध्यमातून भावना व्यक्त करतो.’ मूर्ती घडवणाऱ्याला ‘अमूर्त’ म्हणणं खटकतं. ‘आकार’ फार सपाट वाटतो. ‘भावना व्यक्त करतो’ हेही भाषणातल्यासारखं वाटतं. जाणकारांनी शब्द सुचवावेत.

व्युत्पत्ती
खटकणं बरोबर आहे. ‘मूर्त’ हा मूर्च्छ् या संस्कृत धातूपासून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ थिजलेलं, घट्ट झालेलं. मूर्ती आणि मूर्च्छा दोन्ही त्याच कुळातल्या. म्हणजे अडीचशे किलोचा दगड कितीही अनोळखी दिसला तरी तो मूर्तच. चित्राच्या बाबतीत ‘अमूर्त’ खपून जातो, कारण तिथे घट्ट वस्तू समोर नसते. शिल्पाच्या बाबतीत त्या शब्दाचा वस्तूशीच झगडा होतो.

कलाविषयक मराठी लेखनात ‘अप्रतिरूप’ हा जुना शब्द आहे. कशाचंही प्रतिरूप नाही ते अप्रतिरूप. माझ्या मते शिल्पासाठी हाच नेमका. पांडवलेण्यातल्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहातला स्तूप पाहा. गोल बैठक, त्यावर अंड म्हणजे घुमटासारखा भाग, वर हर्मिका म्हणजे चौकोनी माथा. चेहरा नाही, हात नाहीत, तरी समोर उभं राहिल्यावर आवाज आपोआप खाली येतो. त्या स्तूपाला ‘अमूर्त’ म्हणणं चूक, ‘अप्रतिरूप’ म्हणणं बरोबर.

आणखी एक : ‘अमूर्त शिल्पकार’ म्हणजे शिल्पकारच अमूर्त झाला. विशेषण शिल्पाला लावावं, माणसाला नको.

तांबट आळी
‘आकार’ बदलून ‘घाट’ घ्या. भांड्याचा घाट, दागिन्याचा घाट, कवितेचासुद्धा घाट म्हणतात. आकार म्हणजे बाहेरची रेघ : चौकोन, गोल, त्रिकोण. घाट म्हणजे ती रेघ कुठे फुगते, कुठे आवळते, कुठून वळते, ते सगळं मिळून.

मराठीत भांड्याला पोट आहे, गळा आहे, कान आहेत, तोंड आहे, बूड आहे. म्हणजे माणूस न घडवताही अंग आधीच आलेलं असतं, आणि भाव त्याच अंगातून येतो. एकाच पत्र्याच्या, एकाच उंचीच्या, समजा २४ सें.मी.च्या, दोन कळश्या घ्या. एकीचं पोट बुडापासून ८ सें.मी.वर सर्वांत रुंद, दुसरीचं १६ सें.मी.वर. पहिली बसलेली, निवांत वाटते. दुसरी छाती काढून उभी. बाकी काहीच बदललेलं नाही. फलकावर ‘भाव कुठून येतो’ हे सांगायचं असेल तर एवढं पुरे.

पत्र्याच्या कामाला ‘घडीव’ लिहा, ‘ओतीव’ नको. ओतीव म्हणजे वितळवून साच्यात ओतलेलं. पत्रा ठोकून पोट काढतात आणि शेवटी मठारतात. मठारणं म्हणजे नुसतं ठोकणं नव्हे, तर एकाशेजारी एक हलका घाव बसवत पृष्ठभाग सारखा आणि ताठ करणं. ठोकता ठोकता तांबं कडक होत जातं, म्हणून अधूनमधून मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावं लागतं, की ते पुन्हा मऊ होतं. हे टाळलं तर काठाला चीर जाते, आणि पुढचा प्रत्येक घाव ती वाढवतो. शिल्पातला ‘ताण’ हा शब्द पत्र्याच्या बाबतीत अगदी शब्दशः खरा आहे.

पंचवटीकर
‘घाट’ आवडला. पण नाशिकात घाट म्हटलं की आधी गोदाघाट. गोंधळ होईल का?

व्युत्पत्ती
‘शिल्पाचा घाट’ म्हटलं की होणार नाही. मात्र ‘घाट घालणे’ टाळा, त्याचा अर्थ मोठ्या खटाटोपाचा बेत करणं असा होतो. ‘शिल्पकाराने घाट घातला’ लिहाल तर वाचणाऱ्याला लग्नाचा किंवा संमेलनाचा घाट आठवेल. ‘घाट दिला’ किंवा ‘घाट साधला’ लिहा.

दगडकाम
दगडाच्या बाजूने काही शब्द. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, एक घनमीटरला साधारण २.९ टन. ६० × ४० × ४० सें.मी.चा ठोकळा २८० किलोच्या आसपास भरतो. त्यात १५ सें.मी. व्यासाचं आरपार भोक ४० सें.मी. जाडीतून काढलं तर दगड निघतो जेमतेम २० किलो. डोळ्याला मात्र तो निम्म्याने हलका झालेला दिसतो. म्हणून ‘वजन’ आणि ‘भार’ हे शब्द वेगळे वापरा. वजन काट्यावर कळतं, भार डोळ्याला जाणवतो. शिल्पकाराचं खरं काम भारावर चालतं.

त्या भोकाला काय म्हणायचं, याचीही चर्चा व्हायला हवी. इंग्लंडमध्ये शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपासून दगड आरपार उघडले. तेव्हापासून अशा शिल्पात ती जागा दगडाइतकीच महत्त्वाची धरतात. ‘भोक’ म्हणजे पडलेलं, नुकसान झालेलं. ‘पोकळी’त काहीतरी नसल्याची खंत आहे. कड धारदार ठेवली तर उजेडाची कडक रेघ उमटते आणि ती जागा जखमेसारखी दिसते. तिथे ‘छेद’ म्हणा. कड दोन-तीन सें.मी. गोलवून आत गुळगुळीत केली तर ती पाण्याने झिजवल्यासारखी वाटते. नदीच्या कातळातल्या अशा जागेला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे : रांजणखळगा. तो आरपार नसतो, म्हणून जशास तसा घेता येणार नाही. ‘रांजणखळग्यासारखी आरपार जागा’ चालेल.

एकाच बाजूने छेदत गेलं की पलीकडे बाहेर पडताना मोठा टवका उडतो. म्हणून दोन्हीकडून आत जाऊन मध्यावर भेट घालतात. काम सुरू करण्यापूर्वी दगड वाजवून पाहतात. खणखणीत वाजला तर धड. बद्द वाजला तर आत भेग.

पोताचा शब्दही जपून निवडा. पाट्याला टाकी लावतात तीच टाकी इथेही. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ मधली टाकी हीच, पाण्याची नव्हे. टाकी लावलेला बेसाल्ट पांढुरका राखाडी दिसतो, कारण वरचे स्फटिक चिरडून उजेड विखुरतो. तोच दगड ६०, १२०, २२०, ४००, ६०० अशा वाढत्या क्रमांकाच्या, म्हणजे अधिकाधिक बारीक दाण्याच्या घासणीने क्रमाने घासत नेला की गडद काळा होतो. मधला एखादा टप्पा गाळला तर आधीचे ओरखडे शेवटच्या चकाकीतच उघडे पडतात आणि पुन्हा मागे जावं लागतं. तेव्हा ‘खडबडीत’ आणि ‘गुळगुळीत’ एवढ्यावर थांबू नका, ‘टाकीचा पोत’ आणि ‘घोटीव पोत’ लिहा.

पंचवटीकर
आणि ‘भावना व्यक्त करतो’?

व्युत्पत्ती
भावना माणसाच्या मनात असते, भाव वस्तूत दिसतो. ‘मूर्तीत भाव आला’ म्हणतात, ‘भावना आली’ कोणी म्हणत नाही. ‘भाव उतरला’ मात्र एकटं लिहू नका, बाजारभावासारखं वाचलं जातं. ‘दगडात भाव उतरला’ ठीक.

जुन्या मूर्तिशास्त्रात उभं राहण्याच्या ढबीला नावं आहेत : समभंग, आभंग, त्रिभंग, अतिभंग. विठ्ठल समचरण, सरळ, मुरलीधर त्रिभंग. इथे ‘भंग’ म्हणजे बाक, मोडतोड नव्हे. लिहिताना ‘आभंग’चा ‘अभंग’ होऊ देऊ नका, तो तुकोबांचा. चेहरा नसलेल्या शिल्पालाही हे शब्द चालतात. उभा दगड किंचित कलला तर आभंग, तीन ठिकाणी वळला तर त्रिभंग.

दगडकाम
कललेल्या दगडासाठी एक सावधगिरी. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा बुडाच्या आत पडला पाहिजे. पडत नसेल तर तळाशी सळई घालतात, आणि ती स्टेनलेसचीच हवी. साधं लोखंड गंजून फुगतं आणि काही पावसाळ्यांत दगड आतून फोडतं. फलकावर ‘तोल’ लिहायचं असेल तर तो प्रत्यक्षात सांभाळलेला असावा.

पंचवटीकर
नवा मजकूर असा : ‘ही शिल्पं अप्रतिरूप आहेत. काळ्या पाषाणाला टाकीने आणि घडीव तांब्याला मठारून जो घाट दिला आहे, त्यातच त्यांचा भाव आहे.’

तांबट आळी
‘मठारून’ फक्त शेवटच्या टप्प्याला लागतं, घाट त्याआधीच येतो. ‘तांब्याच्या पत्र्याला ठोकून’ करा. मग ‘घडीव’ची गरज नाही. बाकी तसंच राहू द्या.