मदत हवी आहे: 'टेक केअर ऑफ माय कॅट'सारखा कोरियन सिनेमा सुचवा

जंग जे-उन या दिग्दर्शिकेचा 'टेक केअर ऑफ माय कॅट' (२००१) पाहिल्यापासून त्याच जातकुळीचं काहीतरी शोधतेय. इंचॉनमधल्या, कॉमर्स शाळेतून बाहेर पडलेल्या पाच मैत्रिणी. एक सोलमध्ये ब्रोकरच्या ऑफिसात वरकामं करते, दुसरी आजी-आजोबांबरोबर मोडकळीला आलेल्या घरात राहते आणि हाताला काम नाही. पैशातला फरक मैत्रीत कसा हळूहळू शिरतो, हे इतकं नेमकं मी क्वचितच पाहिलंय. मोबाइलवरचे मेसेज भिंतींवर, खिडक्यांवर उमटतात, तेही फार सुंदर.

'नेक्स्ट सोही' (२०२२) पाहिला. कॉल सेंटरचा भाग अंगावर येतो, पण पुढे तो तपासाकडे वळतो, मैत्री मागे पडते. 'मायक्रोहॅबिटॅट' (२०१७) मनापासून आवडला, पण त्यातले मित्र आता आपापल्या वाटेला लागलेले आहेत.

मालिका नको, सिनेमाच हवा. निव्वळ प्रेमकथा किंवा शाळेतली मारामारीही नको. इंग्रजी सबटायटल्स पुरतील. भारतात अधिकृतपणे बघता यायला हवा, भाड्याने मिळाला तरी चालेल.

विशीतल्या, नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या मित्रमैत्रिणींवरचा असा कोणता कोरियन सिनेमा तुम्ही स्वतः पाहिलाय, आणि कुठे?