कुत्र्याचं आतडं कापलंय, खायला काय देऊ?

भाकरतुकडा: आमच्या ब्रूनोने (लॅब्रॅडॉर, वय ४) दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस अख्खं गिळलं. उलट्या थांबेनात. परवा पोट उघडलं तर आतडं काळंनिळं, लहान आतडं निम्म्याहून जास्त काढावं लागलं. आता शी म्हणजे नुसतं पाणी. सासूबाई म्हणतात, आठवडाभर सलाइनवरच ठेवा, आतड्याला विश्रांती मिळू दे. कापलेलं आतडं परत वाढतं का हो?

मनीमाऊ: दूधभात द्या. पचायला हलका.

गोठेवाला: दूध अजिबात नको! ते पचवणारं द्रव्य आतड्याच्या अस्तरातच असतं आणि तुमच्याकडे अस्तरच कमी उरलंय.

मी जनावरांचा डॉक्टर आहे, पण ब्रूनोला पाहिलेलं नाही. तेव्हा ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा. त्यांनी मनाई केली नसेल तर उपाशी ठेवू नका.

आतडं लांबीला फारसं वाढत नाही, वाढतं ते अस्तर. टर्किश टॉवेलसारखे त्याला बारीक अंकुर असतात. मोठा तुकडा काढला की उरलेल्या भागातले अंकुर उंच होतात, त्यांच्या तळाच्या खाचा खोल होतात, पेशी भराभर बनतात. पण आतून अन्न गेलं तरच. १९७६ साली असं आतडं कापलेल्या कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना तोंडाने खायला दिलं, काहींना सगळं पोषण शिरेतून. अस्तर वाढलं ते तोंडाने खाणाऱ्यांचं.

त्याच्या कितीतरी आधी, १८६४ मध्ये, विएन्नात थिरी नावाच्या संशोधकाने कुत्र्याच्या आतड्याचा एक वेढा रक्तवाहिन्यांसकट बाजूला काढून त्याचं तोंड कातडीला जोडलं होतं. असा वेढा बराच काळ ठेवला की रक्त मिळत असूनही, आतून अन्न जात नसल्याने, त्यातले अंकुर खुरटतात. सासूबाईंना एवढंच सांगा.

आणि कुठला भाग काढला ते विचारा. शेवटचा भाग वरच्याचं काम बऱ्यापैकी उचलतो, उलट होत नाही. तो गेला असेल तर बी-१२ ची इंजेक्शनं लागू शकतात.

मनीमाऊ: त्या प्रयोगातल्या कुत्र्यांचं वाईट वाटलं.

गोठेवाला: वाटतंच. मलाही शिकताना वाटलं होतं.

भाकरतुकडा: विचारलं. शेवटचा भाग शाबूत आहे! थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या म्हणाले. उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून दोन चमचे दिलं. ताटली चाटून झाल्यावर साहेब थेट कचऱ्याच्या डब्याकडे. डबा आता माळ्यावर आहे.