मदत हवी आहे: गॅलागा कॅबिनेटच्या पडद्यावर फक्त एक उभी रेघ

नमस्कार मंडळी,

नाण्यावर चालणारं गॅलागाचं जुनं कॅबिनेट मिळालंय. नाम्को या जपानी कंपनीचा १९८१ चा, अंतराळातल्या शत्रूंवर गोळ्या झाडायचा गेम. शक्य तितक्या मूळ भागांसह ते पुन्हा चालू करायचंय. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हींवर काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

चालू केलं की पडद्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक लख्ख रेघ येते, बाकी सगळा काळोख. आवाज मात्र ठणठणीत आहे. नाणं टाकल्याचा आवाज येतो, स्टार्ट दाबलं की सुरुवातीची धून वाजते, गोळ्याही ऐकू येतात. म्हणजे गेमचा बोर्ड जिवंत आहे (यात झेड८० जातीचे तीन प्रोसेसर आहेत) आणि दुखणं मॉनिटरचंच असावं.

या गेममध्ये ट्यूब ९० अंशांत फिरवून बसवलेली असते, त्यामुळे उभी रेघ बघून हॉरिझाँटल सेक्शनवर (साध्या टीव्हीत किरण आडवा फिरवणाऱ्या सर्किटवर) संशय घेऊ नये. साध्या टीव्हीत हीच रेघ आडवी दिसली असती. म्हणजे व्हर्टिकल सेक्शन (साध्या टीव्हीत किरण वर-खाली फिरवणारं सर्किट) बंद पडलाय. रेघ उजळतेय त्या अर्थी ट्यूबला ईएचटी (अतिउच्च व्होल्टेज) मिळतंय, म्हणजे ते तयार करणारा एलओटी (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) शाबूत आहे.

ट्यूब डिस्चार्ज करून शॅसी (मॉनिटरचा सर्किट बोर्ड) बाहेर काढली. योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या, किरण वळवणाऱ्या कॉइलच्या) कनेक्टरपाशी भिंगातून पाहिलं तर प्रत्येक पिनेभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल तडा होता. अगदी नमुनेदार ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला जोड! सगळे जोड नव्याने केले, पण फरक शून्य. योकच्या व्हर्टिकल कॉइलला कंटिन्युइटी आहे, म्हणजे तिची तार तुटलेली नाही. एकवटलेल्या रेघेने फॉस्फर जळतो म्हणून ब्राइटनेस अगदी उतरवलाय आणि तपासणीपुरतंच चालू करतो. आधीच काचेवर ‘हाय स्कोअर’ ही अक्षरं कायमची उमटली आहेत, मशीन बंद असतानाही वाचता येतात.

आता व्हर्टिकल सेक्शनचे आउटपुट ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या सप्लायमधला फ्यूजेबल रेझिस्टर (जास्त करंट गेला की फ्यूजसारखा उडणारा) आधी तपासू, की सरळ सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलून टाकू? कंडेन्सर बदलायचेच आहेत, पण मूळ दोष सापडण्याआधी इतक्या ठिकाणी हात घालणं मला पटत नाही. एखादा उलटा बसला तर दोन दोष एकात एक गुंतायचे.

दुसरं म्हणजे बोर्डावर ५ व्होल्टच्या जागी ४.६ मिळतात. बोर्डावरच्या टीटीएल (जुन्या प्रकारच्या लॉजिक) चिपना किमान ४.७५ हवेत. सप्लायच्या टोकाला मात्र ५.०५ आहेत, म्हणजे मधल्या कनेक्टरमध्येच व्होल्टेज पडतंय. त्याच्या दोन पिना काळ्या पडल्यात. घासून भागेल का, की पिना आणि हाउसिंग (कनेक्टरचं प्लास्टिकचं घर) दोन्ही बदलावं? सप्लाय वाढवून हे झाकायची माझी तयारी नाही, कारण तापलेला कनेक्टर आणखी तापेल.

एलसीडी लावा, हा सल्ला कृपया नको. हा बोर्ड सुमारे १५ किलोहर्ट्झला चित्र पाठवतो आणि ते चित्र ट्यूबसाठीच रंगवलेलं आहे. काळ्या आकाशातले ते रंगीत तारे ट्यूबवर जसे चमकतात तसे दुसरीकडे कुठेच दिसत नाहीत.

लाकडाचंही विचारून घेतो. खालची कड पाण्याने फुगून भुसभुशीत झालीय. बाजूचं चित्र मूळ असल्यामुळे अख्खी फळी बदलायची नाही. खराब भाग कापून नवा तुकडा डोवेल (लाकडी खुंट्या) लावून जोडावा, की पातळ इपॉक्सी जिरवून क्लॅम्पने दाबावं? वजन बरंच आहे, त्यामुळे प्रत्यक्ष केलेल्यांचा अनुभव हवा.