मदत हवी आहे: माय-आबा पहिल्यांदाच दुबईला निघालेत, सामान आणि कागदांचं काय काय बघू?

नमस्कार मंडळी,

अंमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. धाकटी बहीण लग्नानंतर दुबईला असते. तिचं पहिलं बाळंतपण आहे. दिवस भरत आल्यावर विमानप्रवास नको म्हणून ती इकडे येणार नाही, माय आणि आबाच तिकडे जाणार. पाव्हण्यांनी (जावयांनी) तिथून ६० दिवसांचा व्हिजिट व्हिसा काढलाय. विमान पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, मुंबईहून. मला सोबत जाता येत नाही, कापूस वेचणीला आलाय आणि घरी दुसरं कोणी नाही.

दोघं आजवर विमानात बसलेले नाहीत. आबांचा सगळ्यात लांबचा प्रवास पंढरपूर, मायचा वणीची सप्तशृंगी. काउंटरवर कोणी आवाज चढवून काही विचारलं तर दोघं गांगरतील आणि भलतंच उत्तर देऊन बसतील, याची मला रात्रंदिवस काळजी लागून आहे. म्हणून जरा सविस्तर विचारतो.

एक अडचण पार पडली ती आधी सांगतो, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. मायच्या जुन्या पासपोर्टवर नुसतं तिचं नाव होतं, आडनावाची जागा कोरी. फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाने तसंच ठेवलं होतं आणि आमच्याही लक्षात आलं नाही. व्हिसाच्या वेळी कळलं की नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीत असा एकाच नावाचा पासपोर्ट व्हिजिट व्हिसावर चालत नाही. पासपोर्ट आडनावासकट नव्याने काढावा लागला, त्यात दीड महिना गेला. घरातल्या बायकांचे पासपोर्ट एकदा उघडून बघा. आपल्याकडे हे बऱ्याच घरांत असणार.

आता राहिलेल्या शंका.

आबा सातवी शिकलेले. त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) छापलेलं आहे. काढला तेव्हा ते ४९ वर्षांचे होते, आता ५७ आहेत. गावातला एक जण म्हणाला, हा शिक्का असला की मुंबईलाच परत पाठवतात. खरं आहे का?

मायच्या अंगावर सोन्याची पोत, दोन पाटल्या आणि कानातलं असतं. पोत ती काढणार नाही. परत येताना ‘हे सोनं दुबईतून आणलं’ म्हणून कस्टमवाल्यांनी अडवलं तर? शिवाय अर्ध्या भाऊबंदकीने आबांना सांगून ठेवलंय, येताना एखादं बिस्कीट घेऊन या, तिथे स्वस्त असतं.

आबांच्या गोळ्या: बीपीची, शुगरची, एक गुडघेदुखीची आणि एक झोपेची. दोन महिन्यांच्या सोबत द्यायच्या आहेत.

खाण्याच्या सामानाचं मायने आठ दिवसांपासून मांडलंय. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू (डिंक, खारीक, गोडंबी, खोबरं, खसखस, गूळ, तूप), कळण्याचं पीठ, बिबडे, उडदाचे पापड, घरचा काळा मसाला, खोबऱ्याच्या वाट्या आणि पाचवीच्या पूजेला विड्याची पानं. यातलं काही वजनामुळे कमी करावं लागेल का? मी ‘थोडं कमी कर’ म्हटलं तर म्हणते, “आंडेरना घर रिकामा हातनी कशी जासू?” (लेकीच्या घरी रिकाम्या हाताने कशी जाऊ?)

आणि शेजारच्या काकांनी त्यांच्या मुलासाठी एक शिवलेलं पार्सल दिलंय, फरसाण आहे म्हणाले. ते दुबईतच पोचवायचं आहे.

प्रतिसाद: धुळेकर ताई, सध्या शारजा

दादा, बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी लाडू थांबवा. खसखस! अमिरातीत खसखस आणायला सक्त बंदी आहे. ती अफूच्या बोंडातलं बी, म्हणून इथे तिच्याकडे अंमली पदार्थांच्या नजरेनेच बघतात. थोडी आहे, घरची आहे, लाडवात मिसळलेली आहे, हे काही ऐकून घेत नाहीत. अटक होऊ शकते. सौदीतही हेच. तुम्ही वजनाचं विचारताय, पण तुमच्या यादीतली सगळ्यात धोक्याची वस्तू कंसात लिहिलेली आहे.

वाचून अंगावर काटा आला म्हणून हातातलं काम टाकून लिहितेय. माझ्या सासूबाई येणार होत्या तेव्हा आम्ही फोनवर एकेक डबा उघडायला लावला होता. तुम्हीही तसंच करा. काळ्या मसाल्यात खसखस भाजून घालतात का, ते मावशींना विचारा. आमच्या घरी घालतात. लाडवाचं लक्षात येतं, मसाल्याचं कोणाच्या ध्यानातही येत नाही.

विड्याची पानंही नकोत. पान आणि पानाचं सामान इथल्या बंदीच्या यादीत आहे. आबांच्या बंडीच्या खिशात पानाची पुडी वगैरे राहत असेल तर घरूनच रिकामी करा. पूजेचं बरंचसं साहित्य बर दुबईच्या दुकानांत मिळतं, जे मिळेल त्यात पाचवी होईल. सटवाईमाता समजून घेईल.

पापड, बिबडे, कळण्याचं पीठ खुशाल आणा. पिशव्या नीट बंद करून वर मराठीत आणि इंग्रजीत नाव लिहा. उतरल्यावर बॅगा मशीनमधून जातात, पांढरं पीठ दिसलं की उघडायला सांगतात. तेव्हा मावशींनी न घाबरता ‘आटा’ म्हणायचं, इथे हिंदी समजणारे भरपूर आहेत.

प्रतिसाद: भुसावळकर, २२ वर्षं आखातात होतो, आता घरी

ईसीआरचं ऐका. तो शिक्का नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे. १९८३ च्या कायद्याप्रमाणे दहावी न झालेला माणूस ठरावीक १८ देशांत कामाला चालला असेल तर सरकारची मंजुरी लागते. अमिरात त्या यादीत आहे, म्हणून तुमच्या गावकऱ्याने अर्धवट ऐकलेलं सांगितलं. आबा लेकीकडे चाललेत. व्हिजिट व्हिसा आणि परतीचं तिकीट हातात असलं की मंजुरी लागत नाही. शिवाय वयाची ५० उलटलेल्यांना ही अट नसतेच. पुढच्या वेळी पासपोर्ट नवा काढताना वयाचा पुरावा दिला की तो शिक्का येणार नाही.

तरी मुंबईच्या इमिग्रेशनवर त्यांना दोन प्रश्न जास्त विचारतील हे धरून चाला, कारण व्हिजिटवर नेऊन मजुरीला लावणारे दलाल खूप आहेत आणि अधिकाऱ्यांची नजर त्यावरच असते. कुठे चालले, कोणाकडे, किती दिवस, परत कधी. चार उत्तरं खरी आणि थोडक्यात. एका फोल्डरमध्ये व्हिसाची प्रत, येण्या-जाण्याचं तिकीट, लेकीच्या आणि जावयाच्या एमिरेट्स आयडीची (तिथल्या ओळखपत्राची) प्रत, घराचा पत्ता आणि फोन. मोबाइलमध्ये असलं तरी कागदावर पाहिजेच, कारण आबा ऐनवेळी मोबाइल उघडू शकणार नाहीत. भारतातून निघताना पूर्वी जो फॉर्म भरावा लागायचा तो जुलै २०१७ पासून बंद आहे, त्यामुळे लिहिण्याची धास्ती नको.

सोन्याचं. जाताना मुंबई विमानतळावर कस्टमच्या काउंटरला दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं. त्यात दागिन्यांचं वर्णन आणि वजन लिहून देतात, येताना तेच दाखवायचं. जळगावच्या सराफाकडच्या जुन्या पावत्या असतील तर सोबत ठेवा, दागिने घातलेला फोटोही ठेवा. यात वेळ जातो, म्हणून चार तास आधी पोचा. खरं विचाराल तर पोत आणि कानातलं अंगावर, पाटल्या घरी. मी असतो तर हेच केलं असतं.

बिस्कीट अजिबात नको. लोकांनी २० ग्रॅम पुरुषांना, ४० ग्रॅम बायकांना माफ असतं एवढंच ऐकलेलं असतं. ती सवलत वर्षाच्या वर परदेशात राहिलेल्यांना आहे आणि तीही फक्त दागिन्यांना. बिस्कीट, नाणं तिच्यात बसत नाही. दोन महिन्यांनी परतणाऱ्या आबांनी खिशात बिस्कीट घालून हिरव्या मार्गाने (कस्टमला सांगण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या) बाहेर पडायचं म्हणजे चोरटी आयात झाली. सोनं जप्त, वर दंड. ज्याने मागितलंय तो तिथे सोडवायला येणार नाही. भाऊबंद रुसले तर रुसू द्या.

रोकड भारतीय चलनात माणशी २५ हजारांच्या आत ठेवा.

प्रतिसाद: चोपड्याहून, औषधाचं दुकान आहे

भाऊ, गोळ्यांच्या पाकिटावरचं मोठं नाव वाचू नका, मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा. बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांची अडचण येत नाही. दुखण्याच्या गोळीत ट्रामाडॉल आहे का बघा. गुडघे-कंबरदुखीला पॅरासिटामॉलबरोबर जोडून पुष्कळ लिहिली जाते. झोपेच्या गोळीत अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम असेल. खोकल्याच्या औषधात कोडीन असू शकतं. हे सगळं तिकडे नियंत्रित औषधांत मोडतं. न्यायचंच असेल तर अमिरातीच्या सरकारची ऑनलाइन परवानगी प्रवासाआधी काढावी लागते. जावई तिथून अर्ज भरून देऊ शकतील. डॉक्टरांना भेटून ‘परदेशात जायचंय, दुसरं काही चालेल का’ असं विचारणं त्याहून सोपं. पण रोजची झोपेची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तशीच कमी करा.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, आजार आणि डॉक्टरांचा शिक्का असू द्या. गोळ्या मूळ पाकिटातच न्या. आपल्याकडे म्हातारी माणसं सगळ्या गोळ्या सोडवून एका डबीत भरतात, तसं नको. दहा दिवसांच्या हातातल्या बॅगेत, बाकीच्या मोठ्या बॅगेत.

प्रतिसाद: धुळेकर ताई

एक राहिलं. खोबऱ्याच्या वाट्या विमानात घेत नाहीत. सुकं खोबरं तेलकट असल्याने पेट घेणाऱ्या मालात धरतात, बॅग मुंबईलाच उघडतात. इथे खोबरं मिळतं, वजन वाचवा.

आणि ते पार्सल. शिवलेलं आहे हे वाचून मला झोप यायची नाही. काका कितीही चांगले असोत, आबांच्या बॅगेत जे निघेल ते आबांचंच. तुम्ही स्वतः उसवून, एकेक पुडा बघून, पुन्हा भरणार असाल तर एक वेळ ठीक, नाहीतर परत करा. फरसाणही इथे मिळतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर घरात हेच चाललं होतं, म्हणून उशिरा लिहितोय.

ताई, तुमचा अंदाज खरा निघाला. मायला विचारलं, मसाल्यात खसखस घातलीस का? म्हणाली, घातली ना, पावशेर. वर्षभराचा मसाला मे महिन्यातच कुटून ठेवलेला, त्यातला दोन किलो बहिणीसाठी बांधलेला होता. मी तर मसाल्याबद्दल शंकासुद्धा विचारली नव्हती. तुम्ही लिहिलं नसतं तर तो डबा गेला असता.

मायला आधी पटेना. बाळंतिणीला खसखस नको तर काय द्यायचं, आईने आजीने हेच दिलं, यात नशा कसली. मग फोनवर बहिणीशीच बोलणं करून दिलं. ती रडवेली होऊन म्हणाली, “माय, तू ये फक्त.” त्यानंतर मायने लाडवांचा डबा उचलून माझ्या बायकोसमोर ठेवला, हे तुम्ही खा म्हणाली, आणि स्वतःच तोड काढली: “खसखसना बदला मगज टाकसू.” आता नवे लाडू कोऱ्या पातेल्यात वळणार. जुन्या डब्यांच्या कोपऱ्यात दाणे अडकलेले असतात, म्हणून डबे आणि पिशव्याही नव्या आणल्या. मसाला थोडाच, मिक्सर दोनदा धुऊन, खसखस न घालता नव्याने करतोय.

आबांच्या दुखण्याच्या गोळीत ट्रामाडॉल निघालं. उद्या डॉक्टरांकडे जातोय, झोपेच्या गोळीचंही तेव्हाच विचारतो.

पार्सल घेऊन काकांकडे गेलो. जड गेलं, लहानपणापासून त्यांच्या ओट्यावर खेळलोय. त्यांच्यासमोरच उसवू का विचारलं, तर त्यांनीच विळा आणून दिला. खरोखर फरसाण होतं, आणि तळाशी मुलाच्या खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या. त्या औषधात काय असू शकतं हे काकांना माहीत नव्हतं, सुनेने मागवलं म्हणून ठेवलं होतं. बाटल्या तिथेच ठेवल्या. फरसाण मी माझ्या हाताने नव्या पिशवीत भरलं.

व्हीलचेअरची सोय फुकट असते आणि मदतनीस सगळ्या काउंटरवरून नेतो असं बहीण म्हणाली. मायचे गुडघे दुखतात म्हणून तिच्यासाठी विमान कंपनीकडे नोंदवून टाकली. आबा तिच्या बाजूने चालतील, म्हणजे दोघांची चुकामूक होणार नाही.

आबांसाठी मोठ्या अक्षरात कागद लिहिलाय. ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वाचतात, पाठ होत आलाय:

‘लेकीकडे चाललो. बाळंतपण आहे. जावई न्यायला येतील. ६० दिवसांच्या आत परत. तिकीट हे. कामाला चाललो नाही. सोनं घरचं आहे, कागद हा. गोळ्या माझ्या आहेत, चिठ्ठी ही. समजलं नाही तर हिंदीत परत विचारा म्हणायचं. उगाच हो म्हणायचं नाही. विमानतळावर कोणी बॅग धरायला दिली तर धरायची नाही.’

यात काही राहिलं असेल तर २० तारखेच्या आत सांगा.