वँडा ऑर्किड: मुळं जोरात, फुलांचा पत्ता नाही. मदत हवी आहे

घरी चपट्या पानांचा एक वँडा आहे. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत टांगलाय, टोपलीत ना माती ना कोळसा, मुळं खाली मोकळी लोंबतात. आणला तेव्हा फुलांचा घोस होता. ती फुलं गळली आणि त्यानंतर एकही दांडा निघालेला नाही.

झाड आजारी वाटत नाही. शेंड्याला नवं पान येतं, मुळांची टोकं हिरवीगार आहेत. पानं मात्र काळपट हिरवी, त्यामुळे माझा संशय उजेडावर आहे. जो तो खत वाढवा म्हणतो. मला ते पटत नाही. (खत म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचा काढा झालाय.)

अडचण अशी की टोपली उन्हाकडे सरकवली की दुपारपर्यंत मुळं पांढरीफटक आणि खालच्या पानांवर लांबट सुरकुत्या. आत घेतली की पानं सावरतात, पण मग फुलांचं नाव नको. पाणी रोज सकाळी फवारतो. उजेड आणि पाणी यांचा मेळ तुम्ही कसा घालता? त्याच्या शेजारी टांगलेलं फॅलेनॉप्सिस (हेही ऑर्किडच) झकास आहे, त्याची तक्रार नाही.

प्रतिसाद:
संशय बरोबर आहे, पण फवारणी म्हणजे पाणी देणं नव्हे. डेंड्रोबियम ऑर्किडसारखं पाणी साठवणारं फुगीर खोड वँडाला नसतं. मुळांवरचं पांढरं स्पंजासारखं आवरण, वेलामेन, पूर्ण भिजलं की आतला हिरवा रंग दिसतो. बादलीत १५-२० मिनिटं मुळं बुडवा. तरीही हिरवी न होणारी, दाबल्यावर पोकळ लागणारी मुळं मेलेली समजा, छाटून टाका. पाणी सकाळीच द्या. शेंड्यात पाणी रात्रभर साचू देऊ नका, हे झाड त्या एकाच शेंड्याने वाढतं. तो कुजला तर कठीण आहे.

हे जमलं की मग ऊन, तेही हळूहळू, काही आठवडे घेऊन. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारी शेडनेट हवंच. भर उन्हाच्या वेळी पानाला हात लावा. गरम लागलं तर जास्त होतंय. पानं जराशी पोपटी झाली की तिथेच थांबा.

धागाकर्ता:
बुडवून बघतो. आमचं पाणी जड आहे, मुळांवर पांढरी पूड धरते. ती बाधते का?

प्रतिसाद:
बाधते. क्षार साचले की मुळांची टोकं काळी पडून वाढ खुंटते. पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा. खताचं तुमचं म्हणणं खरंय, पण अगदी बंद करू नका: २०-२०-२० (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं खत) चालेल, डब्यावरच्या मात्रेच्या पाव भाग, आणि आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून मगच. पानाच्या बेचक्यात कोंब दिसला तर लगेच हरखू नका. टोक गोल, गुळगुळीत असेल तर ते मूळ. खवल्यांसारखी आवरणं दिसली तर फुलांचा दांडा.